दहा बाय दहाच्या खोलीत साप : वाचकांचे प्रश्न

घरातली एक खोली फक्त सापांसाठी द्यायची म्हटली की काय काय पाहावं लागतं, याबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरं बिनविषारी परदेशी जातींपुरती, मुख्यतः बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक यांच्यापुरती आहेत.

प्रश्न : एक बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक आहेत. फ्लॅटमधली दहा बाय दहाची खोली रिकामी होते आहे. सुताराला बोलावण्याआधी काय ठरवावं? (पुणे)

सुताराच्या आधी कागद. बॉल पायथन साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि अशा जाती चौथ्या अनुसूचीत आल्या. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्या नावाने व्हायला हवी. विकणाऱ्याच्या नावाचा कागद तुमच्या फायलीत असून भागत नाही. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही, पण त्याचीही खरेदीची पावती जपून ठेवा.

मग एक साधा कमाल-किमान तापमापक आणा आणि आठवडाभर खोलीचं तापमान लिहून ठेवा, जमिनीलगत आणि पाच फुटांवर अशा दोन ठिकाणी. बंद खोलीत या दोन जागांत तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून बॉल पायथनची पेटी वरच्या खणात आणि कॉर्न स्नेकच्या खाली. पश्चिमेच्या भिंतीला पेट्या लावू नका, संध्याकाळी पाचला ती भिंत हाताला तापलेली लागते. स्वयंपाकघराला लागून असलेली खोलीही टाळा.

खोली २४ ते २६ अंशांवर स्थिर राहावी आणि जास्तीची ऊब प्रत्येक पेटीच्या एका टोकाला मिळावी, हे साधलं की बाकीचं सोपं. बॉल पायथनला उबदार टोक ३१-३२ अंश आणि थंड टोक २५-२६ लागतं. कॉर्न स्नेकला २९-३० आणि २३-२४ पुरतं. साप या दोन टोकांमध्ये स्वतः ये-जा करून अंगाचं तापमान सांभाळतो. सगळी पेटीच ३१ अंशांवर ठेवली तर त्याला निवडच उरत नाही.

पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला १२० × ६० × ६० सेंटिमीटरची पेटी द्या. भिंतीपासून दहा सेंटिमीटर अंतर आणि समोर किमान ६० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, नाहीतर पेटी पुसायला वाकता येत नाही. साधा प्लाय ओल धरतो आणि वर्षभरात कडा फुगतात. पीव्हीसी शीट उत्तम, नाहीतर मरीन प्लायला आतून पीव्हीसी लावून सांधे सिलिकॉनने बंद करून घ्या. सनमाइका चिकटवायचं सोल्यूशन आणि पॉलिश यांचा वास मात्र तीन-चार आठवडे जात नाही. पेटी हीटर चालू करून चोवीस तास बंद ठेवा आणि मग उघडून वास घ्या. तुमच्या नाकाला जाणवतं आहे तोवर साप आत सोडू नका.

प्रत्येक पेटीत दोन लपणं हवीत, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. एकच ठेवलं तर साप ऊब सोडून लपण धरतो, किंवा लपण सोडून ऊब. आणि एका पेटीत एकच साप.

प्रश्न : हीट मॅटला (पेटीखालची विजेची गरम चटई) थर्मोस्टॅट लावलेला होता, आकडा ३२ वर ठेवला होता, तरीही बॉल पायथनचं पोट भाजलं. असं कसं? (नाशिक)

कारण तो थर्मोस्टॅट हवा मोजत होता. पत्रात प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटचं तापमान मोजणारं टोक, पेटीच्या भिंतीला, जमिनीपासून चार इंच वर लावल्याचं लिहिलं आहे. हीट मॅट हवा तापवत नाही, ती फक्त पृष्ठभाग तापवते. नाशिकच्या जानेवारीत पेटीतली हवा २४ अंशांच्या वर जाईना, म्हणून थर्मोस्टॅटने मॅट थांबवलीच नाही. तळ तिकडे पन्नाशीकडे चालला होता. त्यात वर पाच सेंटिमीटर कोकोपीट. उष्णता खाली कोंडते, साप ऊब शोधत भुसा उकरून तळाला जाऊन बसतो आणि पोटाला चटका बसत असतानाही तिथून हलत नाही.

प्रोब मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मध्ये, किंवा साप प्रत्यक्ष जिथे बसतो तिथे तळावर पक्का करा. पेटीच्या आत चिकटपट्टी कधीही वापरू नका. तिची कड सुटली की साप त्यात अडकतो आणि सोडवताना खवले निघून येतात. हॉट ग्लूचे दोन थेंब पुरतात. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागापेक्षा मोठी नको आणि तिच्यावरचा भुसा बोटभर जाडीचाच ठेवा. मग इन्फ्रारेड गनने तळाचं तापमान मोजा. थर्मोस्टॅटच्या पडद्यापेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवा.

दुसरा घोटाळा प्रोब पाण्याच्या भांड्यात पडण्याचा. प्रोबला गारवा लागतो आणि हीटर अखंड चालू राहतो. त्यासाठी ओळीत दुसरा स्वस्त थर्मोस्टॅट ३५ अंशांवर लावून ठेवा, पहिला फसला तर हा वीज तोडेल. सिरॅमिक हीटर वापरत असाल तर त्याला डिमिंग (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा) थर्मोस्टॅट आणि भोवती जाळी हवी. मॅटला साधा चालू-बंद प्रकार चालतो.

वीज गेल्यावर काय, हा पुढचा प्रश्न याच पत्रात आहे. एक रात्र २२-२३ अंशांवर काढली तर निरोगी सापाला काही होत नाही. आदल्या दिवशी खाल्लं असेल तर मात्र पचन थांबतं आणि उंदीर उलटून पडू शकतो. म्हणून जिथे भारनियमनाचा वार ठरलेला असतो तिथे त्याच्या आदल्या दोन दिवसांत खायला घालू नका. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीतून व्यवहारात ८००-९०० वॅट-तास मिळतात. २० वॅटच्या तीन मॅट त्यावर बारा तासांहून जास्त चालतील, १०० वॅटचे तीन सिरॅमिक हीटर तीन तासही चालणार नाहीत. भारनियमनाच्या गावात मॅट का बऱ्या, ते यावरून कळेल.

एक चाचणी आजच करा. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि थर्मोस्टॅटवरचं लावलेलं तापमान वाचा. काही डिजिटल थर्मोस्टॅट वीज आल्यावर कारखान्यातल्या मूळ आकड्यावर परत जातात. तसा असेल तर बदला. खोलीला वेगळा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग असावं. पाण्याची भांडी आणि वायरी एकाच खणात राहणार आहेत.

भाजलेल्या जागेला घरी मलम लावू नका. खाली स्वच्छ कोरडा कागद अंथरा आणि सरीसृप पाहणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. हीटर नाही, कूलर लागतो. चालेल? (नागपूर)

कॉर्न स्नेकला ३२-३३ अंशांची हवा सतत मिळाली तरी त्रास होतो आणि ३५ च्या वर काही तास गेले की कोणताही पाळीव साप धोक्यात येतो. कूलर खिडकी उघडी ठेवूनच चालवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत खोली दमट आणि गरम अशी दोन्ही होते. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याची ओल उपकारकच आहे. एसी असेल तर २६-२७ वर ठेवा, झोत पेट्यांवर नको. एसीने हवा कोरडी होते आणि आर्द्रता ३०-३५ टक्क्यांवर आली की कात तुकड्यातुकड्याने निघते. पेटीत ओलसर मॉसचा एक बंद डबा ठेवा, वरून साप शिरेल एवढं भोक पाडून. डोळ्यावरची टोपी, म्हणजे तिथल्या कातीचा गोल पापुद्रा, राहिली तर चिमट्याने ओढू नका, पुढच्या कातीबरोबर बहुधा निघते.

उन्हाळ्यात हीटरची वायर काढून टाकायची सवय अनेकांना असते. ती नको. थर्मोस्टॅट आहे तोवर हीटर गरजेशिवाय लागणारच नाही, आणि जूनमधल्या पहिल्या पावसाच्या रात्री वायर परत लावायची आठवण राहत नाही.

दुपारी वीज गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेर, वर ठेवा. तोंड उघडून श्वास, काचेवर धडका, अंग ढिलं पडणं ही अति तापल्याची लक्षणं. सापाला गार फरशीवर घ्या, नळाच्या साध्या पाण्याने अंग ओलं करा. बर्फ लावू नका.

प्रश्न : पावसाळ्यात पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग पडतात. बॉल पायथनला दमटपणा लागतो ना? (रत्नागिरी)

लागतो, ५५ ते ७० टक्के. पण हवेत. तुमच्याकडे ओल तळात आहे. ओल्या, मळलेल्या भुशावर दिवसेंदिवस बसून पोटाच्या खवल्यांना जंतुसंसर्ग होतो आणि ते डाग त्याचेच. कोकणात जून ते सप्टेंबर पेटीत पाणी फवारायचं कामच नाही. भुसा काढा, वर्तमानपत्र किंवा टिश्यू अंथरा, रोज बदला. पाण्याचं भांडं लहान करून थंड टोकाला ठेवा. दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी भोकं असावीत, एक रांग खाली आणि समोरच्या बाजूला एक वर. खोलीत डिह्युमिडिफायर लावता आला तर फार बरं. डाग पसरले, फोड आले किंवा साप तोंड उघडून, नाकातून बुडबुडे काढत श्वास घेऊ लागला तर डॉक्टरकडेच.

आधी तुमचा आर्द्रतामापक खरं बोलतो का ते पाहा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात थेंबथेंब पाणी घालून ओल्या रेतीसारखं करा. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बारा तास बंद ठेवा. मापकाने ७५ टक्के दाखवलं पाहिजे. ६८ दाखवलं तर यापुढे प्रत्येक वेळी सात मिळवा.

आणि रोपवाटिकेतलं कोकोपीट थेट वापरू नका. सोडणं बरेचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात. दोन-तीन पाण्यांनी धुऊन, पिळून, वाळवून मगच घ्या. देवदाराचा किंवा पाइनचा भुसा कितीही सुवासिक असला तरी नको, तो वासच सापाच्या श्वासाला बाधतो.

प्रश्न : खोली रोज फिनेलने पुसतो, संध्याकाळी धूप दाखवतो. एवढं स्वच्छ ठेवूनही साप खात नाही. (ठाणे)

फिनेल आजच बंद करा. फिनॉल आणि पाइन तेल असलेली कुठलीही फरशी पुसायची द्रव्यं सापाला विषारी आहेत. त्याच यादीत डास मारायची कॉइल, प्लगमधली लिक्विडं, मुंग्यांचे स्प्रे, कपाटातल्या डांबरगोळ्या. धूप-उदबत्ती शेजारच्या खोलीत लावा आणि दार ओढून घ्या. डासांना खिडकीची जाळी हाच उपाय.

पेटीसाठी आधी साबणाच्या पाण्याने घाण पूर्ण काढा. विष्ठा असलेल्या जागेवर जंतुनाशक ओतून उपयोग नसतो. मग ब्लीच एकास तीस पाण्यात, दहा मिनिटं, नंतर भरपूर पाण्याने धुऊन वास जाईपर्यंत वाळवा. साप अर्थातच तेव्हा दुसऱ्या डब्यात. न खाण्याचं कारण हेच असेल असं नाही, बॉल पायथन थंडीत आपणहून महिनोन् महिने उपास करतो. वजन दर पंधरा दिवसांनी ग्रॅममध्ये लिहा. ते टिकून असेल तर वाट पाहा.

प्रश्न : गोठवलेले उंदीर घरच्या फ्रिजमध्ये ठेवण्यावरून घरात रोज वाद आहे. बाजारातला जिवंत उंदीर चालणार नाही का? (सोलापूर)

वादात घरचे बरोबर आहेत. वेगळा छोटा डीप फ्रीझर घ्या, उणे १८ अंशांचा, आणि साठा सहा महिन्यांत संपवा. जिवंत उंदीर चावतो, आणि भूक नसलेल्या सापाला कुरतडतोही. पकडलेला घरचा-शेतातला उंदीर तर मुळीच नको, त्याने आधी कुठली गोळी खाल्ली आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं.

उंदीर पिशवीत बंद करून रात्रभर न गोठणाऱ्या थंड खणात वितळवा, मग अर्धा तास ४० अंशांच्या पाण्यात. मायक्रोवेव्हमध्ये आतून शिजतो आणि पोट फुटतं. भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाएवढंच. पिल्लांना आठवड्याला एकदा, मोठ्या बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांनी. खाल्ल्यावर ४८ तास हात लावू नका. उलटलं तर दहा-बारा दिवस काही देऊ नका, मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्या.

भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. निरोगी दिसणाऱ्या सापाच्याही विष्ठेत साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि आजी-आजोबा यांनी खोलीपासून लांब राहिलेलं बरं. बाकीच्यांनी हात साबणाने धुवावेत.

प्रश्न : नव्या सापाच्या पाण्यात खसखशीसारखे काळे ठिपके तरंगताना दिसले. (कोल्हापूर)

माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावरचे गोचिडीसारखे बारीक परजीवी. बुडालेल्या त्या. जिवंत असतात त्या डोळ्याच्या कडेला आणि हनुवटीखालच्या घडीत, म्हणून भिंग घेऊन आधी तिथे पाहा. ओला पांढरा टिश्यू अंगावरून फिरवा, काळे-लालसर ठिपके हलले तर शंका उरत नाही. साप तासन् तास पाण्यात बसत असेल तर तीही खूण.

अंडी सापाच्या अंगावर नसतात, पेटीच्या सांध्यांत असतात. म्हणून नुसता साप धुऊन दोन-तीन आठवड्यांत सगळं पुन्हा सुरू होतं. लाकूड, साल, भुसा सगळं टाकून द्या, फक्त टिश्यू आणि एक प्लॅस्टिकचा डबा ठेवा, टिश्यू रोज बदला, आणि किमान सहा आठवडे हे थांबवू नका. औषध आणि त्याचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. रॉकेल, कडुनिंबाचं तेल, कुत्र्याची गोचीड पावडर यांचे प्रयोग सापाच्या जिवावर बेततात.

खरी चूक त्याआधीची आहे, नवा साप थेट जुन्यांच्या खोलीत आला. विलगीकरण नव्वद दिवसांचं आणि वेगळ्या खोलीत, तीन फुटांवरच्या पेटीत नव्हे. चिमटा, भांडं, फडकं सगळं वेगळं. रोजचं काम आधी जुन्या सापांचं, शेवटी नव्याचं, उलट कधीच नाही. माइट्स दिसतात तरी. श्वसनाचे काही विषाणू महिनोन् महिने लक्षण न दाखवता राहतात.

प्रश्न : डिसेंबरात तीन आठवडे भारतात येतो. सापाचं काय करावं? (लेस्टर, इंग्लंड)

तुमच्याकडे ज्याला रॉयल पायथन म्हणतात तो तीन आठवडे उपाशी राहू शकतो, पाण्याशिवाय आणि उबेशिवाय नाही. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी शेवटचं खाणं. सेंट्रल हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका. इंग्लंडच्या हिवाळ्यात खोली १२ अंशांवर आली की एकटी मॅट पुरत नाही. त्या एका खोलीचा रेडिएटर २१-२२ वर राहू द्या. आठवड्यातून दोनदा कुणी येऊन पाणी बदलेल, तापमानाचा फोटो पाठवेल. त्यांनी पेटी उघडल्यावर कुलूप लावलं का, हेही त्या फोटोत दिसू द्या. खायला मात्र त्यांना घालू देऊ नका.

प्रश्न : नोकरीनिमित्त सिंगापूरला चाललो आहे. साप नेता येईल? (मुंबई)

नाही. तिथे साप पाळायला बंदी आहे. न्यूझीलंडमध्येही. आत्ताच चांगलं घर शोधा आणि हस्तांतराची नोंद करा.

प्रश्न : मी सर्पमित्र आहे. पकडलेल्या धामणी, नाग दोन-चार दिवस ठेवायला याच खोलीत एक रॅक करावा म्हणतो. (सांगली)

करू नका. आपल्याकडचे साप कायद्याने संरक्षित आहेत, ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. वन विभागाला कळवून (१९२६ या हेल्पलाइनवरही सांगता येतं) साप शक्य तितक्या लवकर जवळच्याच योग्य जागी सोडायचा असतो. जखमी असेल तर वन विभागाच्या उपचार केंद्रात. शिवाय रानातल्या सापाच्या अंगावरचे परजीवी तुमच्या पेट्यांपर्यंत यायला एक दिवस पुरतो.

प्रश्न : कॉर्न स्नेकचं पिल्लू बंद पेटीतून नाहीसं झालं. पेटीला कुलूप होतं! (डोंबिवली)

सरकत्या काचा दोन असतात आणि त्या एकमेकींना चिकटत नाहीत. मधली फट पाच-सहा मिलिमीटरची, कुलूप तिच्यावर काही करत नाही. पिल्लू वाढेपर्यंत त्याला झाकणाला क्लिपा असलेल्या लहान डब्यात ठेवायचं, किंवा त्या फटीत पारदर्शक पीव्हीसीची पट्टी बसवायची.

खोलीसाठी पेन्सिलची कसोटी लावा. जिथून पेन्सिल जाते तिथून पिल्लू जातं. दाराखाली रबराची पट्टी, एसीच्या पाइपच्या भोकाला सिलिकॉन, स्विचबोर्डाच्या कडांना एम-सील, मोरी असेल तर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी स्क्रूने बसवून. नुसती ठेवलेली जाळी साप नाकाने उचलतो.

आता शोध. आधी त्याचीच पेटी पुन्हा रिकामी करा, भुसा चाळा, लपणं उलटी करा. निम्म्या वेळा तिथेच सापडतो. नाही सापडला तर दार बंद, दाराखाली ओला टॉवेल, आणि भिंतींच्या कडेने गव्हाच्या पिठाची पातळ रेघ. सकाळी पिठात ओढ दिसली की कुठल्या कोपऱ्यात शोधायचं ते कळतं. ऊब असेल तिथे पाहा : इन्व्हर्टरमागे, फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी, सेटटॉप बॉक्सखाली, वॉशिंग मशीनच्या तळाशी. कॉर्न स्नेक चढतो, म्हणून पडद्याच्या दांड्या आणि कपाटाचा माथाही. भिंतीलगत चुरगाळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून ठेवा आणि रात्री दहानंतर दिवे मालवून बसा, सरकला की कुरकुर ऐकू येते. घरात उंदरांचे चिकट सापळे असतील तर आधी उचला. चुकून त्यात अडकलाच तर ओढू नका, खाण्याचं तेल ओतून हळूहळू सुटा करा.

शेजाऱ्यांना फोटो दाखवून सांगा की बिनविषारी आहे, दिसला तर झाडू घेऊ नका, फोन करा. वॉचमनलाही तोच फोटो द्या. दोन-तीन आठवड्यांनी सापडलेली पिल्लंही ठणठणीत असतात, तेव्हा पिठाची रेघ रोज रात्री नव्याने ओढत राहा.